योगेंद्रभाऊच्या नावाची मूठ

कानबाईचे रोट बाहेरच्याच्या तोंडी लागत नाहीत. खानदेशातलं शेंबडं पोरही हे सांगेल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, म्हणजे नारळ सजवून देवी मांडतात. त्याआधी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात पडतो, त्याच गव्हाच्या जाड पोळ्या, म्हणजे रोट, होतात, आणि ते खायचे फक्त भाऊबंदांनी. शेजारी कितीही जिवाभावाचा असला तरी त्याला खीर द्या, गंगाफळाची भाजी द्या, पण रोट नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही, आता बोला.

डिंडोलीच्या मोरयानगरातल्या सुंदरानं हा नेम सुरतेत येऊनही सोडला नव्हता. अमळनेरकडून ती इथं आली तेव्हा वर्षा पोटात होती आणि नवरा सुकदेव पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये नुकता लागला होता. आता वर्षा कमावती झाली, सुकदेवचे केस पिकले, पण श्रावण आला की सुंदराच्या दोन खोल्यांत कानबाई बसणार म्हणजे बसणार. गल्लीतल्या सगळ्या बायका रात्री तिच्या दारात गाणी म्हणायला जमायच्या, कारण गाणी तिला पाठ आणि गळा खणखणीत. बाई बोलायलाही तशीच. कुणाच्या बापाला भ्यायची नाही. गल्लीत काही तंटा झाला तर लोक म्हणायचे, सुंदराकाकूला विचारा, ती तोंडावर खरं ते सांगेल. दुसरं काय होतं हो तिच्यापाशी? सोनं नाही, नाणं नाही, शब्द तेवढा होता.

तर त्या शब्दाचंच काय झालं ते ऐका.

वर्षा उधन्याला कॉर्पोरेटर योगेंद्रभाऊंच्या ऑफिसात कामाला होती. भाऊंचे फोटो, व्हिडिओ, वाढदिवसाच्या शुभेच्छा, असलं सगळं मोबाइलवर टाकायचं. तिच्यावर एक अक्षय नावाचा साहेब होता. भाऊंनी कुठला शर्ट घालायचा, कुणाच्या पाया पडायचं, डोळे कधी पुसायचे, हे तो ठरवायचा. निवडणूक हिवाळ्यात होती आणि भाऊंवर मराठी लोक नाराज होते. भाऊ म्हणायला खानदेशी, बाप धरणगावचा, पण घरात गुजराती आणि गाडीत हिंदी. अहिराणी बोलायला गेले की लोक तोंडाला पदर लावून हसायचे.

म्हणून अक्षयच्या डोक्यात आलं, की भाऊंनी एखाद्या कामगाराच्या घरी कानबाईचे रोट खावेत आणि त्याचा व्हिडिओ करावा.

"येडी व्हयनी का तू?" सुंदरा लेकीवर कडाडली. "रोट काय भजी शेत का, कोनीबी ऊठं नि खाई गयं?"

"अगं, मग त्यांच्या नावाची एक मूठ टाक ना सुपात," वर्षा म्हणाली. "मूठ पडली की झाले ते घरचे."

सुकदेव दाराशी बसून नखांत गेलेला निळा रंग काडीनं काढत होता. तो मान वर न करता म्हणाला, "मूठ टाकी ते तो घरना व्हयना. मंग उद्या हात झटकता येवाव नही, सांगी ठेवस."

सुंदरा नाहीच म्हणणार होती. पण तेवढ्यात समोरच्या दारात तिला छाया दिसली. नळाखाली हंडा लावून ती वाकून पाणी बघत होती. आता पाणी भरताना बघतं का कुणी? मोरयानगरात बघतात. तिथं नळाला कधी गुलाबी पाणी यायचं, कधी निळसर, कुठल्या गटारातून काय मिसळत होतं देव जाणे. मागच्या निवडणुकीत योगेंद्रभाऊंनी नवी पाइपलाइन टाकायचा शब्द दिला, गल्लीच्या तोंडाशी खड्डा खणला, खड्ड्याशेजारी फोटो काढला आणि खड्डा बुजवला. गेल्या पावसाळ्यात छायाची मयुरी काविळीनं गेली. दुसरीत होती. डॉक्टरनं छायाला पहिला प्रश्न विचारला तो हाच, की पाणी कुठलं पिता.

सुंदरानं लेकीकडे वळून सांगितलं, "मूठ टाकस. पन त्यानासमोर मी बोलसू. मयुरीनं सांगसू, पानीनं सांगसू, आनि तुना कॅमेरा चालू पाहिजे. कबूल व्हई ते ये म्हनो."

वर्षानं तिथूनच फोन लावला. अक्षयचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "अरे वा! मासींना बिनधास्त बोलू दे. जे मनात आहे ते बोलू दे. पब्लिकला खरं आवडतं."

ऐकलंत? पब्लिकला खरं आवडतं म्हणे.

संध्याकाळी सुंदरा छायाकडे गेली आणि तिची परवानगी मागितली. पोरीचं नाव घ्यायचं तर आईला विचारायला नको? छायाचा बांध फुटला. "काकू, खरंच घेशात नाव? मी बोलाले जास ते मना गयाच दाटी येस."

"घेसू. त्याना डोयामा पाहीसन घेसू," सुंदरा म्हणाली.

आणि तिनं घेतलं. रविवारी दुपारी भाऊ आले, पांढरा झब्बा, कपाळाला अष्टगंध. चौरंगावर कानबाई बसली होती, नारळाला नथ, डोळ्यांत काजळ, अंगावर खण. भाऊ मांडी घालून जेवायला बसले. सुंदरानं रोट वाढला. मूठ टाकली होती, आता तो घरचा होता. भाऊंनी दोन घास खाल्ले. मग सुंदरानं समोर बसून सगळं सांगितलं. पाणी कसं येतं, खड्डा कसा बुजला, मयुरी शेवटी शेवटी कशी पिवळी पडली होती, आणि "भाऊ, तुम्ही शब्द दिसन मोडा, तठे आमनी पोर गयी," हेही सांगितलं. कुणी तिला अडवलं नाही. भाऊंनी डोळे पुसले. उठताना पाया पडले आणि म्हणाले, "मासी, तुमचं मी मनावर घेतलं."

ते गेल्यावर सुंदरा सुकदेवला म्हणाली, "आयकं त्यानी. माणूस वाईट नही शे." रात्रीच्या गाण्यांसाठी सुकदेवनं आनंदानं सतरंज्या अंथरल्या.

दिवेलागणीला सुंदरानं कानबाईसमोर समई लावली आणि ती बायकांची वाट बघत बसली. एरवी याच वेळेला दारात चपलांचा ढीग पडलेला असायचा. आज कुणी येईना. मग छाया आली. पण ती उंबऱ्याच्या आत आली नाही. तिनं मोबाइल पुढं केला, हात लांब करून, जणू सुंदराला शिवायचंही नाही तिला.

मोबाइलवर सुंदरा होती. तिचंच लुगडं, तिचीच नथ, मागं तिचीच कानबाई. आणि तिच्याच खणखणीत आवाजात, तिच्याच अहिराणीत ती बोलत होती, "पानी आते काचनामायक शे. योगेंद्रभाऊनी शब्द पाया. छायानी पोर पानीमुये नही गयी. दवाखानामा लई जावाले मायबापनीच उशीर करा. उगाच भाऊले दोष कसाले?"

खाली भाऊ डोळे पुसत होते. त्याखाली हजारो लोकांनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या होत्या.

सुंदराची दातखीळच बसली. ओठ हलतायत ते आपलेच, आवाज आपलाच, त्या "कसाले"वर हेल काढायची खोडही आपलीच. मायबाई! क्षणभर तर तिला वाटलं, आपण बोललोच की काय असं? डोकं तर नाही ना फिरलं? ती कानबाईकडे बघायला लागली. तिथं काय उत्तर मिळणार होतं?

"मी हाई बोलनूच नही, छाया," ती कशीबशी म्हणाली. "कानबाईनी आन. मी हाई बोलनूच नही!"

"आवाज तुमना शे, काकू," छाया म्हणाली. ती रडत नव्हती. रडली असती तर सुंदराला बरं वाटलं असतं. "मी उशीर करा? अंगावरनं पोर उतरू दिधी नही मी, पायी पयत लई गऊ तिले. तुम्हीच व्हतात ना मनासंगे?"

होती ना. सुंदराच होती तिच्याबरोबर. रिक्षा मिळेना म्हणून छाया पोरीला कडेवर घेऊन आणि सुंदरा तिच्या जोडीनं, अशा दोघी धावल्या होत्या. आणि आता तिच्याच तोंडून हे! छाया वळली आणि समोरच्या दारात जाऊन तिनं कडी लावली. त्या रात्री सुंदराच्या दारी गाण्याला एक बाई आली नाही. अंथरलेल्या सतरंज्या तशाच राहिल्या.

भाऊंबरोबर ऑफिसात गेलेली वर्षा धावत घरी आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनंही तो व्हिडिओ रिक्षात बसल्यावर पाहिला होता. ऑफिसात तिला कुणी दाखवलाच नव्हता.

"आई, आवाज बनवता येतो आता," ती हुंदके देत म्हणाली. "मशीनला आवाज ऐकवला की ती त्याच आवाजात काहीही बोलते. ओठसुद्धा हलवते. अक्षयसरांनी तुझी कानबाईची गाणी मागितली होती. व्हिडिओला मागं लावायची म्हणून. मीच दिली गं. मला काय ठाऊक!"

देवीची गाणी! सुंदराच्या आईनं तिला शिकवलेली, शेतात निंदता निंदता शिकवलेली गाणी घेऊन मेल्यांनी त्यातून हे काढलं?

वर्षानं अक्षयला फोन लावला. तो चिडलासुद्धा नाही, हीच तर कमाल. "अगं, मासी जरा लांबण लावत होत्या, आम्ही थोडं सुधारलं. त्यांना सांग, केवढ्या फेमस झाल्या! आणि उद्या विसर्जनाला भाऊ येतायत, लाइव्ह आहे, मासींना छान साडी नेसव." असं म्हणून त्यानं फोन ठेवला. वर्षानं गळ्यातलं ऑफिसचं कार्ड काढून फेकलं ते थेट चुलीमागं गेलं.

पण दुपारचं खरं चित्रीकरण तिनं आपल्याही मोबाइलवर केलं होतं. त्याची आठवण झाली तसा मायलेकींच्या जिवात जीव आला. दोघी छायाच्या दाराशी गेल्या. कडी वाजवली, हातापाया पडल्या, तेव्हा दार फटीएवढं उघडलं. वर्षानं व्हिडिओ लावला. सुंदराचा आवाज गल्लीत घुमला, "भाऊ, तुम्ही शब्द दिसन मोडा, तठे आमनी पोर गयी." आजूबाजूच्या दारांतही माणसं येऊन उभी राहिली.

छायानं शेवटपर्यंत बघितलं. मग ती म्हणाली, "हाईबी बनाडेल व्हई."

"नही वं छाया, हाई खरं शे!"

"तेबी खरंच दिसत व्हतं," छाया म्हणाली. "कोनतं खरं मानू मी? आते तुम्ही मनासमोर उभ्या शेतस, तेबी खरं शे का, माले समजत नही." आणि फट मिटली.

सुंदराच्या पायाखालची जमीनच सरकली. तिला वाटलं होतं, खोटं उघडं पाडायला खरं दाखवलं की झालं. पण त्या लोकांनी नुसतं खोटं केलं नव्हतं, खरं दाखवायची सोयच ठेवली नव्हती. आता तिनं कितीही घसा फोडला तरी गल्ली म्हणणार, कुठला आवाज हा? जन्मभर सांभाळलेला शब्द एका दिवसात मातीत गेला. रात्रभर ती समईपाशी बसून होती. सुकदेवनं दोनदा चहा केला आणि दोनदा तो गार झाला.

सकाळी बँड वाजायला लागला तेव्हा तिनं एवढंच ठरवलं होतं, की कानबाईच्या नारळावर हात ठेवून कुणी खानदेशी माणूस खोटं बोलणार नाही. बाप धरणगावचा आहे, कितीही बिघडला तरी हात थरथरेल. ही तिची भाबडी समजूत. पण तिच्या जागी तुम्हीआम्ही असतो तर वेगळं काय मानलं असतं?

कानबाई डोक्यावर घेऊन ती निघाली. मागं बायका होत्या, पण देवीसाठी आल्या होत्या, तिच्याशी कुणी बोलेना. छाया सगळ्यांच्या मागं, एकटी. तळ्याच्या काठी भाऊंची गाडी उभीच होती. भाऊ उतरले, गुलाल उधळला, दोन पावलं नाचले. अक्षय मोबाइल काठीला लावून भाऊंच्या पेजवर लाइव्ह दाखवत होता आणि हातानंच सांगत होता, पुढं या, मासींच्या जवळ या.

सुंदरानं कानबाई डोक्यावरून उतरवून छातीशी धरली. बँडवाल्यांना हात केला. बँड थांबला.

"भाऊ," ती म्हणाली, "काल मना घरमा बशीसन तुम्ही रोट खादा. मी काय बोलनू तुमनासमोर, ते हाई नारयवर हात ठेईसन सांगा. बस, दुसरं काही नको माले."

भाऊंनी एकदा नारळाकडे बघितलं. काजळ घातलेल्या त्या डोळ्यांकडे बघितलं. मग त्यांनी अक्षयकडे बघितलं, अक्षयनं मान हलवली, आणि भाऊंच्या चेहऱ्यावर व्हिडिओत असतं तसं हसू आलं. त्यांनी उजवा हात नारळावर ठेवला. तो थरथरला नाही.

"मासी, तुम्हीच तर बोललात! पाणी काचेसारखं झालं, भाऊंनी शब्द पाळला. सगळ्या सुरतनं ऐकलं. कानबाई माझी साक्ष आहे."

बायकांच्या घोळक्यातून "ओ माय" असा एकच आवाज निघाला. सुकदेवनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. सुंदराला तर वाटलं, आता नारळच तडकेल, आभाळ कोसळेल, काहीतरी होईल. काही झालं नाही. पाण्यावर बदकं पोहत होती. माणूस देवीच्या डोक्यावर हात ठेवून धडधडीत खोटं बोलला, हात खाली घेतला आणि झब्ब्याला पुसला. एवढंच झालं.

तिला रागसुद्धा येईना. तिनं गुमान कानबाईची आरती केली, पाण्यात उतरून विसर्जन केलं, नेमानं जे जे करायचं ते सगळं केलं. देवीचं आधी. मग बाहेर येऊन तिनं पाटी, खण, हळदीकुंकवाची वाटी वर्षाच्या हातात दिली. आणि ती एकटीच वळून पुन्हा पाण्यात शिरली.

"मासी, आता कशाला?" अक्षय ओरडला. पण मोबाइल त्यानं तिच्याकडेच धरला होता. त्याला वाटलं, काहीतरी छान चाललंय.

कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तिनं नथ काढली आणि कमरेला खोचली. कपाळाचं कुंकू पुसलं. सुवासिनीनं भरल्या सणात, नवरा काठावर धडधाकट उभा असताना, कपाळ पुसलं! बायका चित्रासारख्या थिजून उभ्या राहिल्या.

"योगेंद्र," ती म्हणाली. भाऊ नाही, तुम्ही नाही. "सुपमा तुना नावनी मूठ मीच टाकी व्हती. तू मना घरना व्हयना व्हता. आज तुना नावनी आंघोय करस."

घरचं माणूस गेलं की करतात ती आंघोळ. ती डोक्यावरून बुडाली आणि केस मोकळे, अंग निथळत वर आली. भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. "हे काय, हे काय, मी जिवंत आहे," असं ते चक्क म्हणाले. खानदेशी होते ना शेवटी, अर्थ बरोबर कळला. अक्षयला मात्र कुणीतरी कानात सांगेपर्यंत कळलं नाही, आणि तोवर त्याच्या लाइव्हवर सगळी सुरत बघत होती. मग त्यानं मोबाइल खाली केला.

सुकदेव सदऱ्यासकट पाण्यात गेला आणि बुडी मारून आला. भाऊबंद होता तो, त्याला करावीच लागणार होती. काठावरच्या बायकांत चुळबुळ सुरू झाली. एकीनं कुंकवाला हात लावला आणि मागं घेतला.

सुंदरा कुणाकडेच बघत नव्हती. पाण्यात उभं राहून तिला आता थंडी वाजायला लागली होती. तेवढ्यात तिला मागं पाणी हलल्याचा आवाज आला. छाया होती. साडी न खोचता, चप्पलही न काढता ती आत आली होती. आवाज बनवता येतो, पण डोळ्यांदेखत पुसलेलं कपाळ थोडंच बनवता येतं?

मयुरी गेली त्या दिवशी छायाच्या अंगात उठायचं बळ नव्हतं, तेव्हा सुंदरानं तिला धरून बसवलं होतं आणि तिच्या डोक्यावर तांब्यानं पाणी घातलं होतं. आज छायाजवळ तांब्या नव्हता. तिनं ओंजळ भरली.

"डोकं खाले करा, काकू," ती म्हणाली, आणि सुंदराच्या डोक्यावर पाणी घातलं.